कमाटीबाग आणि विश्वामित्रीचा काठ

नमस्कार मंडळी! आज जरा बडोद्याला जाऊ, कमाटीबागेत. कागदोपत्री नाव सयाजीबाग, पण तिथे कुणाला रस्ता विचारायचा तर कमाटीबागच म्हणा.

बाग झाली १८७९ ला, तेव्हा सयाजीराव महाराज फक्त १६ वर्षांचे होते बरं का! नाशिककडच्या कवळाणे गावात जन्मलेला मुलगा, १८७५ ला दत्तक घेऊन गादीवर बसवला, आणि सगळा कारभार हातात आला तो १८८१ ला, म्हणजे बाग आधी नि राज्य नंतर. जागा पण कसली, विश्वामित्री नदीच्या काठाला शंभर एकरांच्या वर, सगळी लोकांसाठी. दारापाशीच महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, पण तिथे म्हणतात काळा घोडा, घोड्यानेच नाव खाल्लं बिचाऱ्या महाराजांचं.

आत प्राणीसंग्रहालय आहे, तारांगण आहे, फुलांचं घड्याळ आहे (त्याची मशिनरी जमिनीखाली, वर फक्त काटे आणि झाडं), पोरं तिथून हलत नाहीत. पण माझं ऐका, म्युझियम चुकवू नका! १८९४ ची इमारत, आत इजिप्तची ममी, आणि एका निळ्या देवमाशाचा सांगाडा, ७० फुटांच्या आसपास, १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहत आलेला, तो बघताना मान या टोकाकडून त्या टोकाकडे न्यावी लागते. शेजारी चित्रांची गॅलरी आहे, तिची गंमत म्हणजे चित्रं यायची होती युरोपातून आणि मध्येच पहिलं महायुद्ध लागलं, त्यामुळे गॅलरी उघडायला १९२१ उजाडलं. फिरायला आलेल्या माणसाला जाता जाता युरोपची चित्रं दिसावीत, ही महाराजांची आयडिया मला अजूनही लय भारी वाटते.

आता नदी. लोक घड्याळापाशी फोटो काढतात आणि हिच्याकडे पाठ करून निघून जातात राव! हिच्यात मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या, भर शहरात, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की थेट वस्तीत शिरतात, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्याच असतील. तर बागेतल्या पुलावर पाच मिनिटं थांबा, खाली बघा, आणि काठाला एखादा ओंडका पडलेला दिसला ना, तर लगेच पुढे जाऊ नका, तो हलतोय का ते बघा.