कुत्र्याची जात आणि कुत्र्याची बदनामी

नमस्कार. आजचा विषय पिट बुल आणि रॉटवायलरचा आहे, पण मी सुरुवात करणार आहे पॉमेरियनपासून. आपल्याकडे एके काळी दर दुसऱ्या ब्लॉकमध्ये जो पांढरा, झुबकेदार शेपटीचा कुत्रा दिसायचा आणि ज्याला सगळे सरसकट पॉमेरियन म्हणायचे, तो बहुतेक वेळा असायचा स्पिट्झ. आजी-आजोबांच्या पायाशी झोपणारा, दारावरची बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा. या स्पिट्झची १८७०च्या दशकात न्यूयॉर्क शहरात प्रचंड दहशत होती. रेबीज याच कुत्र्यामुळे होतो, असं तिथल्या वर्तमानपत्रांनी लोकांच्या मनावर ठसवलं होतं. पाश्चरची लस यायला अजून काही वर्षं होती, ती आली १८८५ मध्ये. लोक घाबरलेले होते आणि त्या भीतीला एक चेहरा हवा होता. तो चेहरा स्पिट्झचा निघाला.

पुढचा चेहरा जर्मन शेफर्डचा. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन हे नावच नकोसं झालं, म्हणून तिथे त्याला अल्सेशियन म्हणू लागले. आपण अजूनही तेच म्हणतो. ऑस्ट्रेलियाने १९२९ मध्ये या कुत्र्याच्या आयातीवर बंदी घातली. तो डिंगोंमध्ये, म्हणजे तिथल्या रानटी कुत्र्यांमध्ये मिसळेल आणि मेंढ्यांचे कळप फस्त करणारी संतती निपजेल, अशी मेंढपाळांची धास्ती होती. ती बंदी उठायला १९७०चं दशक उजाडलं. दरम्यानच्या काळात जगभरची पोलीस पथकं त्याच कुत्र्याला सन्मानाने सोबत घेऊन फिरत होती. मग पाळी आली डोबरमनची, मग रॉटवायलरची, मग पिट बुलची. यातला डोबरमन जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या एका करवसुली अधिकाऱ्याने राखणीसाठी तयार केला, आणि रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांचा, गुरं हाकणारा कामाचा कुत्रा.

म्हणजे दर वीस-तीस वर्षांनी सैतान बदलतो. का बदलतो, हे मला तुमच्यासमोर मांडायचं आहे. एखादा कुत्रा भयंकर आहे अशी बातमी पसरली की ज्याला भयंकर कुत्रा हवा असतो, तो माणूस त्याच कुत्र्याच्या शोधात निघतो. मागणी वाढते. जिथे मागणी, तिथे ब्रीडर. तो एकाच मादीची वेतामागून वेतं काढतो, बापाचा स्वभाव बघत नाही, बघतो ती छाती आणि जबडा. पिल्लू महिनाभराचं झालं की विकून मोकळा. नवा मालक ते पिल्लू फार्महाऊसच्या गेटला साखळीने बांधतो, कोणी जवळ आलेलं त्याला चालत नाही, कारण 'माणसाळलं तर राखण कशी करणार?' दोन वर्षांनी ते कुत्रं कोणाला तरी फाडतं. पुन्हा बातमी येते, आणि पुन्हा मागणी वाढते. जनावरांच्या माझ्या दवाखान्यात मी हे चक्र पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. माझ्यासमोर टेबलावर आणलेली अशी कित्येक कुत्री थरथरत असतात. बाहेरच्यांना दिसतो तो राग, पण त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती असते.

पण म्हणून मी तुम्हाला 'कुत्रा वाईट नसतोच, माणूस वाईट असतो' एवढं सांगून घरी पाठवणार नाही. हे वाक्य कुत्राप्रेमी मंडळी फार सहज बोलतात आणि ते अपुरं आहे. जुलै २०२२ मध्ये लखनौला ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिट बुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूणला सात वर्षांचा मुलगा गेला, तोही पिट बुलच्या हल्ल्यात. त्या घरांसमोर उभं राहून 'जातीचा दोष नाही' असं म्हणण्याची हिंमत कोणी करू नये. आधी त्यांचं दुःख मान्य करायचं, मगच पुढे बोलायचं.

आणि रक्ताला अर्थ असतोच. लातूर-सोलापूरकडचं कारवान कुत्रं बघा. सशामागे कसं सुटायचं हे त्याला कोणी शिकवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून ते त्याच्या अंगात आलेलं असतं. पिट बुलच्या पूर्वजांचीही अशीच निवड झाली. ब्रिटनमध्ये बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ चालायचा, १८३५च्या कायद्याने तो बंद झाला. मग शौकिनांनी बुलडॉग आणि टेरियर यांचा संकर केला आणि तळघरांत, बंद दाराआड कुत्र्यांच्या झुंजी सुरू केल्या. पकडलेलं सोडायचं नाही, वेदना झाली तरी हटायचं नाही, या गुणांसाठी पिल्लं निवडली गेली. त्यामुळे पिट बुलच्या काही घराण्यांत दुसऱ्या कुत्र्यांशी भिडण्याची ओढ आजही जास्त दिसते, आणि जबड्याची पकड ही तर निव्वळ शरीराची गोष्ट आहे. आखूड पायांचा छोटा डाक्सहुंड चावला तर टाके पडतात, पिट बुल चावला तर हात जाऊ शकतो.

इथेच गल्लत होते. चावलं तर किती नुकसान होईल, हे कुत्र्याची जात बऱ्यापैकी सांगते. चावेल की नाही, हे ती फारसं सांगत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतो. २००८ मध्ये अमेरिकेत मालकांकडून सविस्तर प्रश्नावली भरून घेऊन एक मोठा अभ्यास झाला. त्यात माणसांवर आक्रमक होण्यात वर आले डाक्सहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर, म्हणजे सगळी छोटी कुत्री. चिवावा चावला की आपण हसतो, त्याची पोलिसात नोंद होत नाही आणि वर्तमानपत्रात तर नाहीच नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याहून मोठं काम प्रसिद्ध झालं. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या वागण्याची माहिती आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले. एखादं कुत्रं कसं वागेल यातला जातीचा वाटा निघाला सरासरी ९ टक्के. मालकाचं ऐकण्याच्या वृत्तीत जातीचा वाटा त्यातल्या त्यात जास्त होता. आणि डिवचल्यावर किंवा घाबरल्यावर कुत्रं किती लवकर अंगावर येतं, यात जातीवरून जवळपास काहीच सांगता येत नव्हतं.

'मग मृत्यूंचे आकडे काय सांगतात?' असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या २३८ मृत्यूंची जातवार नोंद उपलब्ध होती. निम्म्याहून जास्त घटनांत पिट बुल किंवा रॉटवायलर होते. हा आकडा खरा आहे आणि तो दडवायचं कारण नाही. पण त्याच यादीत किमान २५ जाती होत्या, आणि अभ्यासकांनी स्वतःच बजावलं होतं की देशात कोणत्या जातीची किती कुत्री आहेत हे माहीत नसताना यावरून कोणती जात किती धोकादायक, हे ठरवता येत नाही. दुसरी अडचण ओळखीची. फ्लोरिडात प्राणी निवाऱ्यांतल्या १२० कुत्र्यांची जात आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना नजरेने ओळखायला सांगितली आणि मग डीएनए तपासला. कर्मचाऱ्यांनी ६२ कुत्र्यांना पिट बुल वर्गात टाकलं होतं. डीएनएमध्ये तसा वारसा निघाला २५ कुत्र्यांत. रोज कुत्र्यांत वावरणाऱ्या माणसांची ही गत, तर हल्ल्यानंतर धावत आलेला शेजारी किंवा बातमीदार जात कशावरून सांगणार? रुंद डोकं आणि आखूड केस दिसले की झाला पिट बुल.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०१३चा अभ्यास, कारण त्यात जात बाजूला ठेवून परिस्थिती तपासली गेली. अमेरिकेतल्या २००० ते २००९ मधल्या २५६ मृत्यूंचे तपशील पोलिसांकडून, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून गोळा केले. ८७ टक्के घटनांत मधे पडून सोडवू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८५ टक्के घटनांत कुत्र्याची आणि त्या माणसाची नीट ओळखच नव्हती. ८४ टक्के घटनांत कुत्र्यांची नसबंदी केलेली नव्हती. ७७ टक्के घटनांत बळी गेलेली व्यक्ती वयामुळे किंवा आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणारी होती. ७६ टक्के घटनांत कुत्रं घरच्या माणसांपासून लांब, अंगणात, साखळीला, गोदामात ठेवलेलं होतं. यातल्या चार किंवा जास्त गोष्टी एकत्र जुळून आल्या होत्या ८० टक्के घटनांत. आणि जात खात्रीने सांगता आली फक्त १७.६ टक्के घटनांत. हे आकडे ऐकताना आपल्या गावाकडचे, शहराबाहेरचे बंगले डोळ्यांसमोर आणा. गेटला बांधलेलं, नसबंदी न केलेलं, कोणाशी ओळख नसलेलं कुत्रं, आणि अंगणात एकटं खेळणारं पोर.

आता एक घटना जरा सविस्तर सांगतो. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात फुटबॉलपटू मायकेल व्हिकच्या जागेवर छापा पडला. तिथे पिट बुलच्या झुंजी चालत होत्या. हरलेल्या कुत्र्यांना तिथे हालहाल करून मारत. सुटका झालेली सुमारे पन्नास कुत्री होती. तोपर्यंतचा रिवाज असा, की झुंजीतून सोडवलेलं कुत्रं म्हणजे मरणाचंच, त्याला सुई देऊन संपवायचं. माणसांत ते कधी राहूच शकणार नाही, असं प्राणिमित्र संस्थासुद्धा म्हणत. या वेळी मात्र एकेका कुत्र्याची स्वतंत्र तपासणी झाली. आक्रमकतेमुळे ठार करावं लागलेलं कुत्रं निघालं एक. सर्वांत अवघड वाटलेली २२ कुत्री यूटा राज्यातल्या एका मोठ्या प्राणी-आश्रयस्थानात गेली, बाकीची वेगवेगळ्या संस्थांकडे. त्यातली कित्येक पुढे घरांत राहिली, लहान मुलांबरोबर, मांजरांबरोबर. काही रुग्णालयांत आजाऱ्यांना सोबत करू लागली. काही कधीच पूर्ण सावरली नाहीत. पण ती चावरी झाली नव्हती, ती आयुष्यभर कोपऱ्यात अंग चोरून बसत राहिली. झुंजीसाठीच जन्माला घातलेली, झुंजीतच वाढवलेली कुत्री होती ही. जातच सगळं ठरवत असती, तर याहून वाईट रक्त आणि याहून वाईट बालपण कुठे मिळालं असतं?

आता कायद्याकडे येतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. त्या यादीत 'टेरियर' असं मोघम लिहिलेलं होतं. टेरियर म्हणजे डझनावारी जाती, मांडीवर मावणाऱ्या कुत्र्यांसकट. जपानी तोसा दोन वेगळ्या नावांनी दोनदा होता. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४ मध्ये ते पत्रक रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणंच ऐकलं नव्हतं. मला न्यायालयाचा निर्णय योग्य वाटतो. ब्रिटनने १९९१ मध्ये चार जातींवर बंदी घातली. त्यानंतरच्या काळात तिथे कुत्रा चावून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. यादीत नसलेला एक्सएल बुली हा दांडगा कुत्रा तयार झाला, आणि २०२३च्या अखेरीस त्यालाही यादीत घालावं लागलं. नेदरलँड्सने १९९३ची पिट बुलबंदी २००८ मध्ये मागे घेतली, कारण चावे कमी झालेच नव्हते. एक दार बंद केलं की ब्रीडर दुसऱ्या दाराने येतो.

आपल्याकडे नियम आहेत, ते पाळले जात नाहीत. २०१७च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हा आठ आठवड्यांचा नियम कागदी नाही. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाचा मेंदू जग शिकतो. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की खेळ थांबतो, हे ते याच काळात शिकतं. महिन्याचं पिल्लू आईपासून तोडलं तर हा धडा राहून जातो. तरीही तीस दिवसांची पिल्लं उघड विकली जातात, आणि विकत घेणारी सुशिक्षित माणसं असतात. कुत्र्यांच्या झुंजी लावणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. पिट बुलवर बंदी मागणाऱ्यांनी आधी हा दंड वाढवायची मागणी लावून धरावी. त्यातून पिट बुलचंही भलं होईल आणि माणसाचंही.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. त्यांच्या सोसायटीत रॉटवायलर आहे, घरात लहान मुलं आहेत, काय करावं? ताई, सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, पण मालकाला जाब जरूर विचारता येतो. नसबंदी झाली आहे का, रेबीजची लस झाली आहे का, जिन्यात आणि लिफ्टमध्ये आखूड पट्टा आणि मुसकं असतं का, आणि कुत्र्याला बाहेर नेणारं माणूस त्याला आवरू शकेल एवढ्या ताकदीचं आहे का, की दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पट्टा दिला जातो? तो कुत्रा दिवसभर बाल्कनीत एकटा बांधलेला असेल, तर माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी धोक्याची खूण आहे. मुलांना सांगा, तो अंग ताठ करून एकटक बघत असेल तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, जागच्या जागी उभं राहायचं. खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही, मग तो कोणताही असो. आणि मालक ऐकतच नसेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. लेखी तक्रार द्या, आणि तिच्यात कुत्र्याची जात लिहिण्याआधी मालकाने काय केलं नाही ते लिहा.