म्योडलारॉइट : ओढ्याच्या दोन काठांचं गाव

हा टान्बाखचा ओढा. गावातून जाताना एका ढांगेत ओलांडता येईल एवढाच. दोन्ही काठांवर मिळून वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. गावाचं नाव म्योडलारॉइट. ओढ्याच्या अलीकडे बव्हेरिया, पलीकडे थुरिंगिया; दोन्ही जर्मनीतली राज्यं.

ही हद्द जुनी आहे. १८१० साली ती बव्हेरियाचं राज्य आणि रॉइस संस्थान यांच्यात ठरली, काठाने हद्दीचे दगड रोवले गेले. पण गावाचं रोजचं जगणं त्या दगडांपाशी अडलं नाही. शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या काठावर; प्रार्थनेला जायचं ते बव्हेरियातल्या शेजारच्या ट्योपेन गावच्या चर्चमध्ये. राज्यं दोन असली तरी गाव एकच होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर थुरिंगिया सोव्हिएत ताब्यात गेलं, बव्हेरिया अमेरिकेच्या. १९४९मध्ये दोन जर्मन देश झाले, थुरिंगिया पूर्व जर्मनीत आणि बव्हेरिया पश्चिम जर्मनीत, आणि त्यांची सीमा याच ओढ्यावर आली. तरी परवाना दाखवून पलीकडे जाता येत होतं.

मे १९५२मध्ये तेही संपलं. पूर्व जर्मनीने सीमेलगतचा पाच किलोमीटरचा पट्टा बंदिस्त केला. अगदी सीमेवरची दहा मीटर जमीन नांगरून मोकळी ठेवली, कोणी गेलंच तर पाऊल उमटावं म्हणून. सरकारला ज्यांचा भरवसा वाटत नव्हता, त्या कुटुंबांना सीमेवरच्या गावांतून उठवून दूर नेऊन टाकलं. म्योडलारॉइटमध्ये आधी फळ्यांचं उंच कुंपण आलं. १९६६मध्ये काँक्रीटची भिंत आली, सातशे मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच. अमेरिकन सैनिक या गावाला ‘छोटं बर्लिन’ म्हणू लागले.

भिंतीपेक्षाही मला छळतो तो एक नियम. पश्चिमेकडून कोणी हात हलवला, हाक मारली, तर पूर्वेकडच्याने उत्तर द्यायचं नाही. तशी मनाईच होती. समोरच्या अंगणात ओळखीचं माणूस दिसतंय, आणि आपण मान खाली घालून कामाला लागायचं. एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं. पश्चिमेच्या काठावर मात्र पाहुण्यांची रीघ असायची. १९८३मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश येऊन ही भिंत पाहून गेले. त्याआधी, १९७३मध्ये, पूर्वेकडच्या एका माणसाने शिडी घेऊन गाडी थेट भिंतीपाशी आणली आणि चढून तो पलीकडे उतरला.

९ नोव्हेंबर १९८९ला बर्लिनची भिंत खुली झाली. इथे मात्र गावाला आणखी महिनाभर थांबावं लागलं. ९ डिसेंबरला पायी जाण्यापुरती वाट उघडली, आणि जे घर इतकी वर्षं नुसतं दिसत होतं, तिथे लोक चालत गेले. जून १९९०मध्ये बुलडोझरने भिंत पाडली. काही भाग मुद्दाम राखला, त्याभोवती आज संग्रहालय आहे.

देश एक झाला, तरी गाव अजून दोन राज्यांतच आहे. महापौर दोन, पिनकोड दोन, फोनचे कोड वेगळे, गाड्यांच्या पाट्या वेगळ्या. भेटल्यावर बव्हेरियाकडचे ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, थुरिंगियाकडचे ‘गुटन टाग’. आता मात्र समोरून उत्तर येतं.