उधारी सरकारची, जागा मुलांच्या

नमस्कार श्रोतेहो.

खासगी शाळेत पहिलीला चाळीस मुलं घेतली, तर त्यांतली दहा वंचित आणि दुर्बल घटकांतली हवीत आणि आठवीपर्यंत त्यांना फी नको, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्यांच्यासाठी सरकारनं शाळेला पैसे द्यायचे. आपण याला नुसतं 'आरटीई' म्हणतो.

९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खासगी शाळेला या पंचवीस टक्क्यांतून सूट! आता पुण्यात, ठाण्यात, नाशकात एवढ्या अंतरात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही, अशा जागा असणार किती? कायद्याचं कलम कागदावर तसंच राहिलं, प्रवेश मात्र गेले. कर्नाटकानं काही वर्षांपूर्वी हीच वाट धरली होती. तिथेही या जागा आटल्या.

पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती दुरुस्ती रद्दच केली. संसदेच्या कायद्यानं दिलेलं राज्याला नियम करून काढून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही या निकालात हस्तक्षेप केला नाही.

मुळात अडलंय ते पैशापाशी. राज्यानं प्रतिपूर्तीचा दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवला, कोरोनाच्या काळात तो ८,००० वर आणला होता आणि ठरलेले पैसेही वेळेवर मिळत नाहीत. मोठ्या शाळा निभावून नेतात. पण तालुक्याच्या गावातल्या छोट्या शाळेनं शिक्षकांचे पगार कुठून करायचे? संस्थाचालकांचं हे गाऱ्हाणं खरं आहे. त्यावर उपाय एकच, शाळा सुरू होण्याआधी थकबाकी चुकती करणं. सरकारी शाळांचे वर्ग भरावेत म्हणून फक्त गरिबांनाच तिकडे वळवणं मला साफ नामंजूर आहे. त्या शाळा सुधारा, शिक्षक द्या, मग आपण सगळेच आपली मुलं तिथे घालू.

हा प्रवेश काही सहज हाती पडत नाही. धुणीभांडी करणारी आई तहसीलमधून एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढते. मग नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि घरमालक नोंदणीला तयार नसतो. सायबर कॅफेत नकाशावर घराची खूण जरा सरकली तरी अंतर बदलतं. एवढं करून पुढे लॉटरी.

आणि आठवी संपली की त्याच शाळेत नववीची पूर्ण फी भरायची, नाहीतर दाखला काढायचा. केंद्राचा कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे, पण नववी-दहावीचा खर्च उचलायला तो राज्याला कुठेही अडवत नाही. विधिमंडळानं तसा कायदा करावा. आपल्या आमदारांना भेटा, पत्र लिहा आणि पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न मांडायला लावा.

नमस्कार.