नमुना पाच: ग्रामपंचायतीचा हिशेब कुठे पाहायचा

ग्रामपंचायतीचा जमाखर्च जिच्यात लिहिला जातो ती सामान्य रोकड वही, म्हणजेच नमुना पाच. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. जमेच्या प्रत्येक ओळीपुढे पावतीचा क्रमांक आणि खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे प्रमाणकाचा, म्हणजे खर्चाच्या पुराव्याच्या कागदाचा (व्हाउचरचा) क्रमांक. महिनाअखेर या वहीतली शिल्लक बँकेच्या पासबुकाशी जुळवून पाहायची असते, आणि ती जुळत नसेल तर फरकाचे कारण लिहून ठेवायचे असते. गावातला हातपंप दुरुस्त झाला, दिवाबत्तीचे साहित्य आले, गटाराचे बिल चुकते झाले, की त्याची नोंद या वहीत व्हायलाच हवी.

महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता २०११ मध्ये लागू झाली आणि तिने हिशेब आणि नोंदी ठेवण्यासाठी एक ते तेहतीस असे नमुने ठरवून दिले. त्यांतला आठवा, कर आकारणीचा नमुना, गावात सर्वांच्या परिचयाचा आहे, कारण घराच्या कर्जासाठी किंवा वीजजोडणीसाठी त्याचा उतारा काढावा लागतो. पाचवा नमुना मात्र उभ्या आयुष्यात न पाहिलेली माणसे प्रत्येक गावात बहुसंख्येने असतात. वास्तविक घरपट्टी भरणाऱ्याचा पैसा पुढे कुठे गेला, याचे उत्तर आठव्यात नसून पाचव्यात आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत वर्षातली पहिली ग्रामसभा घ्यावी लागते आणि तिच्यापुढे मागील वर्षाचे हिशेब, प्रशासन अहवाल, चालू वर्षातल्या नियोजित कामांचा तपशील, तसेच शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी आणि तिला दिलेली उत्तरे ठेवावी लागतात. शेवटची बाब महत्त्वाची आहे, कारण लेखापरीक्षकाने काय आक्षेप घेतला आणि पंचायतीने त्यावर काय म्हटले, हे दोन्ही एकाच बैठकीत गावासमोर यावे, असा तिचा हेतू आहे.

अडचण येते ती बैठकीच्या रचनेत. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे आली की गणपूर्ती होते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. पुढच्या वेळी मोजकीच माणसे बसतात, जमाखर्चाचे एकूण आकडे वाचले जातात, 'मंजूर' म्हटले जाते आणि इतिवृत्तात सर्वानुमते ठराव झाल्याची नोंद होते. कायद्यातली ही सवलत कामकाज अडून राहू नये म्हणून आहे, हे मान्य. पण वार्षिक हिशेबाच्या बैठकीला तरी ती लागू असू नये, असे आमचे ठाम मत आहे. याच कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र बैठक सांगितली आहे. पाणी, अंगणवाडी आणि शाळा यांवरचा खर्च ज्यांना रोज डोळ्यांनी दिसतो, त्यांचे प्रश्न तिथूनच ग्रामसभेपर्यंत येऊ शकतात, आणि म्हणूनच ही बैठक सह्यांपुरती उरणे हे गावाचे मोठे नुकसान आहे.

आता गावाकडे येणाऱ्या मोठ्या रकमेकडे वळू. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला साठ टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला, तर चाळीस टक्के भाग गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा, असे ठरवले. या पैशाचा आराखडा आणि देयके ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर नोंदवली जातात. २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी, हे संकेतस्थळ सुरू झाले. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी रक्कम थेट ठेकेदाराच्या किंवा पुरवठादाराच्या खात्यात जाते, आणि घरबसल्या आपल्या गावाचे पान उघडून कोणत्या कामावर किती पैसे खर्च पडले, हे कोणालाही पाहता येते.

ही सोय मोलाचीच आहे. परंतु संकेतस्थळ कामाचे नाव आणि रक्कम सांगते. काँक्रीटचा रस्ता किती लांब झाला, त्याची जाडी किती भरली, हे मोजमाप वहीत लिहिलेले असते. हिशेब खऱ्या अर्थाने उघडा होतो तो या साखळीने: पडद्यावरची रक्कम, रोकड वहीतली ओळ, तिचे प्रमाणक, मोजमाप वहीतली लांबी-रुंदी आणि शेवटी पायाखालचा रस्ता. यातला एक दुवा जरी दाखवला गेला नाही, तरी उरलेले दुवे पाहून कोणाचीही खात्री पटणार नाही.

ही साखळी जोडण्याची मागणी प्रथम राजस्थानात लोकांनी लावून धरली. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना येथे जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरची उघडी सुनावणी, घेतली आणि कामांच्या नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचल्या. ज्यांची नावे हजेरीपटावर होती, तीच माणसे समोर बसून आपण त्या कामावर गेलोच नव्हतो, असे सांगत होती. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा राज्याचा माहिती अधिकार कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर केंद्राचा कायदा अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर सतरा प्रकारची माहिती कोणी मागण्याआधीच प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली असून, त्यात अंदाजपत्रक, प्रस्तावित खर्च आणि वाटप झालेल्या रकमा यांचा समावेश आहे. कागदाची प्रत मागण्याबरोबरच चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचा अधिकारही हाच कायदा देतो. दहा रुपयांच्या शुल्काने अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे.

गावातच आणखी एक हिशेब असतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. तो आहे जिल्हा परिषदेच्या शाळेचा. शिक्षण हक्क कायदा २००९ ने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात, असे बंधन घातले. शाळेला शासनाकडून, स्थानिक संस्थेकडून किंवा इतर कोठूनही मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे, हे या समितीचे कायद्याने दिलेले काम आहे. समग्र शिक्षा योजनेत तीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये आणि एकतीस ते शंभर पटाच्या शाळेला पंचवीस हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च व्हावा लागतो. रक्कम लहान आहे. पण खडू, वीजबिल, नळाची तोटी आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार यांतले काय आधी, हा निर्णय तिच्यातूनच होतो, आणि तो निर्णय मुख्याध्यापकांनी एकट्याने न घेता पालकांसमोर आकडे मांडून घ्यावा, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. मुख्याध्यापकांनाही त्यात संरक्षण आहे, कारण ज्या खर्चाला पालकांची संमती इतिवृत्तात नोंदलेली असते, त्यावर पुढे संशय घेणे अवघड जाते.

ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षणाचे काम स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणेकडे असते. प्रमाणक नाही, मोजमाप नोंदलेले नाही, दरपत्रके मागवली नाहीत, असे आक्षेप अहवालात परिच्छेदनिहाय मांडले जातात आणि पंचायतीने त्यांचे अनुपालन, म्हणजे आक्षेपाची पूर्तता केल्याचे उत्तर, सादर करायचे असते. अनुपालन मान्य होईपर्यंत तो परिच्छेद प्रलंबित राहतो. एप्रिल-मेमधल्या ग्रामसभेत कोणत्या वर्षाचे किती परिच्छेद प्रलंबित आहेत, त्यांत किती रक्कम गुंतली आहे आणि प्रत्येकाला काय उत्तर दिले, हे विचारण्याचा हक्क गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला आहे, आणि विचारलेला प्रश्न त्याच्या उत्तरासह इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रहही त्याने त्याच बैठकीत धरायला हवा.