मामाची अँबेसिडर आणि ब्लूटूथ

नमस्कार मंडळी. आज जुन्या गाडीतल्या जुन्या रेडिओवर मोबाईलची गाणी कशी लावायची ते बोलूया. पहिलं म्हणजे डॅशबोर्ड कापू नका. परत सांगतो, कापू नका, एकदा पत्रा कापला की गेला.

तर माझ्या मामाची साठच्या दशकातली अँबेसिडर. त्यात मीडियम वेव्हचा सेट, दोन बाजूला दोन बटणं, मधी पिवळा दिवा नि लाल काटा. एकेकाळी त्यावर सांगली केंद्र खणखणीत लागायचं. मामानं आधी लायटरमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर आणला, पण सेटला एफएमच नाही तर पकडणार कोण? मग कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या एका पोरानं सेट उघडून व्हॉल्यूमच्या बटणापाशी ऑक्सची, म्हणजे बाहेरचा आवाज सेटमध्ये घ्यायची, वायर सोल्डर केली, स्पीकर एकच म्हणून डावा-उजवा आवाज दोन रेझिस्टर घालून एकत्र केला, इथवर काम एक नंबर. मोबाईलची गाणी पकडणारं ब्लूटूथचं मॉड्यूल, म्हणजे छोटी सर्किटची पट्टी, त्या वायरीला नि गाडीच्या बॅटरीला जोडलं, चावी फिरवली आणि भसकन धूर! मामा चहाच्या कपासकट बाहेर.

झालेलं काय, त्या काळच्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असायचा. मॉड्यूलचा मायनस ऑक्सच्या वायरीतनं सेटच्या पत्र्याला, म्हणजे थेट प्लसला भिडला. तेव्हा आधी बघा, बॉडीला प्लस आहे का मायनस. प्लस का मायनस, एवढं बघूनच हात घाला, आणि फ्यूज टाकाच.

दुसऱ्या मॉड्यूलला पोरानं गाडीची लाईटच दिली नाही, सरळ पॉवर बँकेवर चालवलं, ती कप्प्यात पडून असते. गाडीच्या प्लस-मायनसशी थेट संबंध न ठेवता लाईट देणारा आयसोलेटेड कन्व्हर्टरही मिळतो, पण मामाला फुकटचं बरं. (नव्या गाड्यांत आवाज कमी करायला सुद्धा स्क्रीन चाचपायची, ह्याला काय सुधारणा म्हणायची? आमचं बटण बघा, न बघता फिरतंय.)

मग रविवारी आम्ही रंकाळ्यावर, काचा खाली, जुनी गाणी जोरात, भेळवाल्यापाशी गाडी लावलेली, लोक वळून बघालेत. एवढ्यात गाणं थांबलं. फोन आला होता, त्या पोरानं फोन आपोआप उचलायची सोय करून ठेवलेली आणि आम्हाला पत्ताच नाही. साठ वर्षाच्या स्पीकरमधनं मामीचा आवाज अख्ख्या रंकाळ्यावर, "सर्व्हिसिंगला गाडी लावतो म्हणून गेलासा न्हवं? मग ते 'तिखट वाढव' कोण वराडतंय?"