भाताचं मूळ चिखलात श्वास कसा घेतं?

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरच्या शिवारात उभा आहे, मागे बळ्ळारी नाला. पावसाळ्यात हा फुगला की आपली भातं पाण्याखाली जातात. मग म्हणतो, पीक कुजलं. पण भात तर पाण्यातलंच पीक! मग ते कुजतं कशानं?

(रोप उपटून कॅमेऱ्याजवळ धरत)

हे बघा. चिखल काळा, वास नासक्या अंड्याचा. हवेत ऑक्सिजन 21 टक्के. 25 अंशांच्या पाण्यात मात्र लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम. तेवढाही चिखलातले जिवाणू फस्त करतात. आता मुळं बघा, तांबूस लेप दिसतोय? तो गंज आहे, लोखंडावर चढतो तसलाच. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात गंज आला कुठून? रोपाच्या आतून! भाताच्या पानापासून मुळापर्यंत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून ऑक्सिजन खाली उतरतो, थोडा मुळाबाहेर झिरपतो आणि चिखलातल्या लोहाला गंजवतो. हे कळलं त्या दिवशी मी बांधावर बसून एकेक मूळ धुऊन बघितलं होतं.

बटाट्याला ही सोय नाही, पाणी तुंबलं की कंद सडतो. भाताचा शेंडा पाण्याबाहेर असेतोवर काळजी नाही. शेंडाच बुडाला, वर गढूळ पाणी, ऊन पोचत नाही, की हवेची वाट बंद. रोप घाबरून वर धावतं, साठवलेली साखर उधळतं आणि दमून मरतं. 'स्वर्णा सब-1' ही जात उलट वाढच थांबवते, साखर राखून ठेवते आणि सुमारे दोन आठवडे बुडूनही तग धरते.

तळ्यातले मासे पहाटे तोंड वर काढून तडफडतात, तेव्हा लोक म्हणतात, "कुणीतरी औषध टाकलंय बघ." बऱ्याचदा तसं नसतं. रात्री शेवाळही ऑक्सिजन घेतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे गुदमरतात.

ऑक्सिजन तुटला, तर आपल्या मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटंच पुरे. ऑक्सिजन कमी पडल्याचं पेशीला कळतं कसं, हे शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं.

तुमच्या शेतात गेल्या पुरात शेंडे किती दिवस बुडाले होते? खाली लिहा, पण दिवस मोजून लिहा. नाल्याचा गाळ वेळेत काढा म्हणून आपण ओरडतो ना, ते या दिवसांसाठीच.