आजोबांच्या नावावर

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत, म्हणजे आपल्या घड्याळात वीस. घाबरू नका, जेवण माझ्यानंतरच आहे आणि भूक मलाही लागली आहे.

मागच्या रविवारी लेकीबरोबर 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा १९९३ सालचा एक भाग बघत होतो. बार्ट आणि लिसा ही भावंडं एका कार्टूनसाठी गोष्ट लिहून पाठवतात. पोरांना कोण विचारतंय? मग ती आजोबांच्या नावावर धाडतात, आणि आजोबांना नोकरी, पगार, वर टीव्हीवाल्यांचं पारितोषिक! गंमत म्हणजे स्वतःच्या नावावरचं ते कार्टून आजोबा पहिल्यांदा बघतात तेच मुळी पुरस्काराच्या रात्री. त्यातली मारझोड बघून हादरतात आणि मंचावरूनच सगळ्यांची खरडपट्टी काढतात.

मी खो खो हसत होतो. लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, ते आजोबा म्हणजे तूच की. तुझं नाटक आजीने लिहिलंय ना?"

गेल्या गणपतीत एकांकिकेच्या लेखनासाठी तुम्ही मला जी ढाल दिलीत, ती त्याच टीव्हीशेजारी ठेवली आहे. संवाद सगळे आईचे. पुण्याहून व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेले, कुकरच्या शिट्ट्यांसकट. मी फक्त टाईप केले. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या अस्सल माझ्या.

बरं, कार्टूनवाले पुरस्कारांची टिंगल करतात त्यालाही कारण आहे. एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारांच्या मुख्य विनोदी विभागात १९६१ साली 'द फ्लिंटस्टोन्स'ला नामांकन मिळालं, त्यानंतरचं कार्टून तिथे पोचलं ते थेट २००९ साली, 'फॅमिली गाय'. सिम्प्सन्सना ॲनिमेशनच्या एमी ढिगाने, पण त्या मोठ्या पंगतीत पान नाही. हसू नका, आपणही मुलांचा कार्यक्रम बरोबर बटाटेवडे आल्यावर ठेवतो. तिकडे पोरगी कविता म्हणते, इकडे आपण चटणी शोधतो. आणि वर्षभर कुरकुरतो, मुलं मराठीत काही लिहीत नाहीत म्हणून.

त्या रविवारी घरात बरंच वाजलं. बायको म्हणाली, मंचावर ढाल घेतलीस, आता मंचावरच सांग. सांगितलं.

आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. प्रयोगाचा व्हिडिओसुद्धा पाठवलेला नाही, कारण शेवटी निवेदक लेखक म्हणून माझंच नाव घेतो. दर रविवारी ती फोनवर विचारते, "व्हिडिओ आला का रे?" मी म्हणतो, एडिटिंग चाललंय. लेक शेजारीच बसलेली असते.